वहिनींच्या दुकानात द्यावे

पार्सलवरचे पत्ते वाचायची सवय लागली की आपलंच गाव नव्यानं कळायला लागतं. ‘मारुतीच्या देवळामागं, पाण्याच्या टाकीजवळ.’ ‘शाळेच्या पुढं, चिंचेखालचं घर.’ ‘अंगणवाडीच्या बाईंच्या शेजारी.’ घरांना नंबर नाहीत असं नाही. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या पावतीवर तो असतो, पण खुद्द घरमालकाला पाठ नसतो आणि दारावर लिहिलेलाही नसतो. म्हणून पत्त्याची शेवटची ओळ बहुतेक वेळा एखाद्या माणसाची असते. आमच्या भागातल्या पुष्कळ पार्सलांवर ती अशी असते : ‘झेरॉक्सवाल्या वहिनींच्या दुकानात द्यावे.’

ती वहिनी म्हणजे मी. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या पट्ट्यातल्या एका फाट्यावर माझं दुकान आहे. झेरॉक्स, मोबाईलचा रिचार्ज, वह्या-पेनं, थोडा किराणा. नवरा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. फाट्यावर एसटी थांबते, आतल्या पाड्यांवर जात नाही. तिथून पुढं डांबर, मग खडी, मग ओढा, मग पायवाट. हा रस्ता माहीत असल्याशिवाय माझ्या दुकानात पार्सलं का साठली हे कळणार नाही.

सुरुवात २०१६ च्या पावसाळ्यात झाली. मोटारसायकलवरून एक पोरगा आला. पाठीवरची पिशवी त्याच्यापेक्षा मोठी, रेनकोटमधून पाणी गळतंय. आतल्या पाड्यावरच्या एका मुलाचं पार्सल होतं आणि ओढ्याला पाणी आलं होतं. तो म्हणाला, “ताई, हे एवढं ठेवाल का? तो येऊन घेऊन जाईल. मी परत नेलं तर उद्या पुन्हा एवढंच पेट्रोल जाणार.” मी ठेवलं. संध्याकाळी मुलगा आला आणि घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात तीन आली. दिवाळीपर्यंत वह्यांची एक फळी मोकळी करावी लागली.

यात मला नवं काही वाटलं नव्हतं. आमच्याकडे वस्तू अशाच यायच्या. शहापूरच्या डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती यायचं, फाट्यावर कुणीतरी उभं राहून घ्यायचं. माझे वडील व्ही.पी.ची गोष्ट सांगायचे. टपालखात्याची ती पद्धत १८७७ पासूनची : वस्तू पोस्टात आली की पैसे भरायचे आणि सोडवून घ्यायची. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून त्यांनी तशी बॅटरी मागवली होती आणि ती सोडवायला पोस्टापर्यंत चालत गेले होते. आताच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’बद्दल ऐकल्यावर ते म्हणाले, “म्हणजे व्ही.पी.च की.” मला ते पटलं. फरक एवढाच की पोस्टात सरकारी माणूस होता, त्याचा शिक्का होता, रजिस्टर होतं. इथं मी होते आणि माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते मला चुकांमधून उभं करावं लागलं.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

२०१८ ची गोष्ट. आतल्या एका गावातली नवी सून. शिवणकाम करायची, स्वतःच्या पैशातून पहिल्यांदा काहीतरी मागवलेलं. तिची सासू रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली. मी आपली चांगुलपणानं म्हणाले, “सूनबाईंचं पार्सल आलंय, जाता जाता घेऊन जा. तिची खेप वाचेल.” त्या काळी काही विक्रेते बिल पार्सलच्या बाहेर चिकटवलेल्या प्लास्टिकच्या खिशात घालायचे. वस्तूचं नाव, किंमत, सगळं उघड. आतले कपडे होते आणि एक गाऊन. सासूनं एसटीत बसून शेजारणीकडून ते वाचून घेतलं. त्या घरात पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं कळलं. शिलाईचे पैसे सासूच्या हाती जायला लागले. मोबाईल नवऱ्यानं काढून घेतला. चार महिने ती मुलगी माझ्या दुकानासमोरून गेली, पण वळून पाहिलं नाही. मग एकदा एकटी आली. रिचार्ज मारायला आली होती आणि रिचार्ज झाल्यावर एवढंच म्हणाली, “वैनी, तुमच्या भरवशावर तो पत्ता टाकला होता.”

मी त्यावर काही बोलू शकले नाही. ती गेल्यावर दुकान बंद केलं.

त्याआधी मी समजत होते की पार्सल सांभाळणं म्हणजे ते भिजू न देणं, हरवू न देणं. त्या दिवसानंतर वही बदलली. आता पार्सलवर मी माझा नंबर घालते, नंबरासमोरचं नाव फक्त वहीत असतं आणि वही गल्ल्याच्या कप्प्यात. बाहेर वस्तूचं नाव दिसत असेल तर वर्तमानपत्राचा कागद गुंडाळते. पार्सल ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात. नवरा आला बायकोचं न्यायला तरी आधी फोन लावते आणि तिच्या तोंडून ऐकते. काही पुरुष चिडले. एकानं तर विचारलं, “माझ्याच घरातलं मला देणार नाय?” मी म्हणाले, “दादा, तुमच्या नावाचं आलं तर तेही मी वहिनींना देणार नाही.” तो गप्प झाला आणि पुढं महिन्याभरानं त्याचं स्वतःचं एक पार्सल आलं, केस रंगवायचं. तेव्हा त्याला नियमाचं महत्त्व कळलं.

बायकांसाठी हे किती मोठं आहे हे शहरातल्या माणसाला समजायला वेळ लागेल. बाजारात आतल्या कपड्यांचं माप पुरुष दुकानदाराला सांगायचं, तेही चार ओळखीच्या माणसांसमोर. आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी आयुष्यभर चुकीच्या मापाचे कपडे घातले ते या संकोचापायी. बंद पाकिटात बरोबर मापाची वस्तू मिळते आणि देणारी बाई तोंड उघडत नाही, म्हणून माझी फळी भरली. ती कंपनीच्या जाहिरातीनं भरली नाही.

कंपनीशी रीतसर संबंध नंतर आला. मोठ्या कंपन्यांना तोवर छोट्या दुकानांची आठवण झाली होती. अमेझॉननं ‘आय हॅव स्पेस’ नावाची योजना दुकानदारांसाठी आणली होती, फ्लिपकार्टनं २०१९ मध्ये किराणा दुकानांना डिलिव्हरीत घेतलं. आमच्याकडेही एका कंपनीचा माणूस आला, आधारकार्ड, पॅनकार्ड, दुकानाचा फोटो घेऊन गेला. मोबाईलमध्ये ॲप आलं, स्कॅन करायला शिकवलं. पार्सलमागं काही रुपये मिळायचे. महिन्याकाठी दुकानाचं वीजबिल त्यातून निघायचं, त्याहून फार नाही. पण बाकीच्या कंपन्यांची पार्सलं पूर्वीसारखीच फुकट यायची, आणि एक फळी पैशाची, एक फळी माणुसकीची, असं मला करता येईना. दोन्ही फळ्यांवर तेच लोक होते.

पत्त्याचा घोळ मात्र कुठल्याच ॲपनं सुटला नाही. शहापूर या नावाची गावं देशात ढिगानं आहेत. बेळगावात शहापूर आहे, साड्यांसाठी मराठी माणसाला ठाऊक असलेलं. कर्नाटकातच यादगीर जिल्ह्यात आणखी एक तालुक्याचं गाव आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलानं ॲपच्या यादीतलं पहिलं दिसलं ते शहापूर निवडलं आणि त्याची पुस्तकं यादगीरकडे गेली. भरती तोंडावर. रोज सकाळी धावून झालं की घामेजलेला दुकानात येऊन विचारायचा, “वैनी, माझा पार्सल आला?” शेवटी मी लेबलचा फोटो नीट पाहिला. पिनकोडचा पहिला आकडा पाच. म्हटलं, बाळा, आपला चारनं सुरू होतो : शहापूर ४२१६०१, मुरबाड ४२१४०१. पाच म्हणजे दक्षिणेत गेलं. तोवर दिवस हातातून गेले होते. त्यानं मित्राकडच्या सराव प्रश्नपत्रिका आणल्या आणि मी त्या झेरॉक्स करून दिल्या. पैसे घेतले नाहीत.

त्या निमित्तानं पिनकोडची गोष्ट वाचली. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि ज्यांनी तो आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे जाणकार. एकाच नावाची अनेक गावं आणि प्रत्येकाची लिपी वेगळी, म्हणून आकडे. मला ते फार आवडलं. आता दुकानाच्या दारात मी मोठ्या अक्षरात पिनकोड लिहून ठेवलाय आणि नवीन पोरांना तो आधी पाठ करायला लावते. सहा आकड्यांनी पार्सल आमच्या तालुक्यात येतं. तालुक्यातून पाड्यावर पार्सल पोचवणारा आकडा माझ्यापर्यंत अजून आलेला नाही.

या शेवटच्या टप्प्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळी दुखणी तिथली आहेत. भिवंडीची गोदामं आमच्यापासून लांब नाहीत. पडघ्याच्या बाजूची प्रचंड पत्र्याची शेडं नाशिक महामार्गावरून जाताना दिसतात. आमच्या गावातल्या मुली तिथं कामाला जातात, कंपनीची बस घ्यायला येते. त्यातली एक मला सांगायची की हातातल्या यंत्रावर कप्प्याचा नंबर येतो, चालत जायचं, वस्तू काढायची, टोपलीत टाकायची, पुढचा नंबर. दिवसभर किती चाललो ते पाय सांगतात. एकदा तिनं स्वतःसाठी पायातल्या सपाता मागवल्या. तिचं म्हणणं, ज्या गोदामात ती काम करते तिथूनच त्या निघाल्या असणार. ती स्वतः रोज संध्याकाळी तासा-दीड तासात घरी पोचायची. सपाता पाचव्या दिवशी आल्या. पार्सल शहापूरपर्यंत दुसऱ्या दिवशी येतं, पुढच्या पंधरा-वीस किलोमीटरसाठी तीन दिवस लागतात. कारण महामार्गावर एका ट्रकमध्ये हजारो पार्सलं असतात आणि आतल्या पाड्यासाठी एका पोराच्या पिशवीत एक.

त्या पोरांबद्दल मी कधी वाईट बोलत नाही. पार्सलमागं पैसे, पेट्रोल स्वतःचं, मोटारसायकल हप्त्यावरची. भातसेला पूर आला की सापगावच्या पुलाकडून काही येत नाही, मुरबाडच्या बाजूनं फिरून यावं तर दिवस जातो. त्यातले काही ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं टाकून मोकळे होतात, हे खरं. पण ज्याला दिवसाला ठरलेली पार्सलं संपवायची आहेत आणि ज्याच्या एका चुकीच्या पाड्याच्या फेरीत तासभर जातो, त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते.

तरी एकदा भांडावं लागलं. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा कार्यक्रम. मांडव, बँड, रात्रभर नाच, आणि आता सगळ्या आळीच्या बायकांनी एकसारख्या पिवळ्या साड्या नेसायच्या. एका आळीतल्या बावीस जणींनी पैसे जमवून साड्या मागवल्या, पत्ता माझ्या दुकानाचा. हळद शनिवारी. गुरुवारी ॲपवर आलं, ‘डिलिव्हरीचा प्रयत्न केला, दुकान बंद होतं.’ मी सकाळी सातपासून दुकानात बसलेली. शुक्रवारी पुन्हा तेच. बायका दुकानात येऊन बसल्या. कुणी बोलेना, नुसत्या बसल्या. त्यांनी मजुरीतून साठवलेले पैसे होते. संध्याकाळी नवऱ्याच्या मागं मोटारसायकलवर बसून मी शहापूरच्या गोडाऊनला गेले. तिथल्या माणसानं आधी उडवून लावलं. मी दारातच उभी राहिले. शेवटी म्हणाला, “त्या कोपऱ्यातल्या गोण्यांत आहे का बघा.” दोघांनी गोण्या उपसल्या. घामानं आणि धुळीनं हात काळे झाले. नवव्या की दहाव्या गोणीत सापडलं. रात्री साडेनऊला फाट्यावर आलो तर आळीतल्या पोरी बॅटऱ्या घेऊन उभ्या होत्या. त्या हळदीला मी गेले नाही, फार दमले होते, पण रात्रभर बँडचा आवाज येत होता आणि मला फार बरं वाटत होतं.

पैशाच्या बाबतीत मी दोनदा शिकले. किराणा दुकानात उधारी असतेच. तीच सवय पार्सलाला लावली. भेंडी लावणाऱ्या एका शेतकऱ्याचा फवारणीचा पंप आला, अठराशे रुपये द्यायचे होते, तो शेतावर होता. पोरगा थांबायला तयार नाही, त्याला संध्याकाळी हिशेब जमा करायचा. मी गल्ल्यातून दिले. शेतकरी रात्री येऊन पैसे देऊन गेला, वर भेंडीही. त्यानं माझी भीड चेपली. मग एका घरच्या म्हाताऱ्या बाबांच्या नावानं चारशे नव्याण्णवचं पार्सल आलं. बाबा घरी नव्हते. मी भरले. संध्याकाळी ते म्हणाले, “मी कायच मागवला नाय.” उघडलं तर आत फडक्यासारखा एक कापडाचा तुकडा. नाव बरोबर, फोन नंबर बरोबर, मागवणारा कुणीच नाही. तशी पार्सलं त्या वर्षी आणखी तीन घरांत गेली आणि घरातल्या माणसांनी मुलानं मागवलं असेल असं समजून पैसे दिले. माझे चारशे नव्याण्णव गेले ते गेले. त्यानंतर दुसऱ्याच्या पार्सलाचे पैसे मी भरत नाही, कितीही ओळख असली तरी. हे सांगताना लोकांना वाईट वाटतं, मला त्यांच्याहून जास्त.

यूपीआय आल्यावर हा प्रश्न बराच हलका झाला. १ डिसेंबर २०१६ ला शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं धसई महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा नोटाबंदीनं सगळे हैराण होते आणि दुकानादुकानात कार्डाची यंत्रं आल्याचं मी कौतुकानं ऐकलं होतं. प्रत्यक्षात माझ्या फाट्यावर रोख कमी झाली ती नंतर, भिंतीवरच्या चौकोनी कोडनं आणि पोरांच्या मोबाईलनं. आता पाड्यावरचा माणूस कल्याणच्या मुलाला फोन लावतो आणि मुलगा तिथून पैसे भरतो.

पण पैशाचा प्रश्न गेला आणि ओटीपीचा आला. डोळखांबच्या बाजूला असे पाडे आहेत की रेंज एखाद्या टेकाडावरच मिळते. ओटीपी तिथं येणार, पार्सल इथं. शिवाय रिचार्ज संपला की थोड्या दिवसांत मेसेज येणंही थांबतं, हे लोकांना ठाऊक नसतं. विचारतात, “फोन तर चालू हाय, मग नंबर का येत नाय?” मी आधी रिचार्ज मारते, मग ओटीपी मागते. आणि एक गोष्ट प्रत्येकाला बजावते : पार्सल हातात दिसल्याशिवाय तो आकडा कुणालाही सांगायचा नाही, फोनवर तर नाहीच. एका बाबांनी फोनवरच्या गोड बोलणाऱ्याला सांगितला आणि खात्यातून मजुरीचे पैसे गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, पण तोवर दोन दिवस उलटले होते. तो नंबर आता पिनकोडखाली लिहिलेला आहे.

कानाच्या मशीनची गोष्ट मला आजही छळते. २०२२ च्या जुलैत एका ठाकर बाबांसाठी त्यांच्या नातवानं कल्याणहून ते मागवलं. मी घेतलं, सही केली, फळीवर ठेवलं. नऊ दिवस पाऊस थांबला नाही. बाबा दहाव्या दिवशी आले. मशीन लावलं तर नुसती शिट्टी. रिटर्न करायला गेलो तर मुदत संपलेली, सात दिवसांची. तेव्हा लक्षात आलं की मुदत बाबांच्या हाती वस्तू पडल्यापासून धरली नव्हती, मी सही केल्यापासून धरली होती. सहा वर्षं मी हे काम करत होते आणि ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. किती जणांच्या मुदती माझ्या फळीवर संपल्या असतील, मोजता येणार नाहीत.

नातवाला दुकानात बोलावलं आणि दोघांनी बसून तक्रार लिहिली. जुलै २०२० पासून ई-कॉमर्सचे नियम आहेत : कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं, महिन्याभरात ती सोडवायची. ते कलम आम्ही तसंच लिहिलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंद केली. पाचव्या आठवड्यात पैसे परत आले. बाबांनी दुसरं मशीन मागवू दिलं नाही. “एवढ्या खटपटीत तुमचा येळ गेला,” म्हणाले.

तेव्हापासून पार्सल आलं की त्याच दिवशी निरोप जातो. फोन लागला तर फोन, नाहीतर माणूस. दुपारी शाळेतून परतणारी मुलं, आशाताई, दूधवाला, काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर. त्याआधी २०२१-२२ च्या एसटी संपात महिनोन्‌महिने बस नव्हती तेव्हाही अशा निरोपांवरच सगळं चाललं होतं. निरोपात वस्तूचं नाव कधी नसतं, पार्सल हा शब्दही नसतो. “वैनींनी बोलावलंय” एवढंच. वहीत निरोप कुणाबरोबर धाडला आणि कधी, याचाही एक रकाना आहे. ॲपमध्ये तो रकाना नव्हता.

आता ज्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही तो. दोन दुकानं सोडून चपलांचं दुकान आहे. तिथले काका मला लहानपणापासून ओळखतात. एकदा माझ्या दारात चौदा बुटांची पार्सलं पाहून म्हणाले, “पोरी, तू आमच्याच पोटावर पाय देतेस.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः जूनला विकायला दप्तरं आणली होती, ती तशीच राहिली आणि माझ्याच हातानं मी ऑनलाइन आलेली दप्तरं वाटली. पार्सल न्यायला येणारा जाता जाता तेल नेतो, साबण नेतो, झेरॉक्स काढतो, म्हणून माझं निभावलं. काकांकडे पार्सलवाला कशाला जाईल? ते आता पावसाळ्यात गमबूट आणि छत्र्या ठेवतात, कारण पाऊस डोक्यावर आल्यावर चार दिवस थांबता येत नाही. बाकीचं वर्ष शटर अर्धं. लोकांना स्वस्त मिळालं, पाड्यावरच्या मुलीला निवड मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काकांचं अर्धं शटरही रोज डोळ्यांसमोर आहे. एकानं दुसरं फिटत नाही.

जुन्या माणसांना अजून न बघता घेणं पटत नाही. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचे दात मोजून, पाठीवरून हात फिरवून सौदा करणारी ही माणसं. एक आजी पार्सल आलं की आधी दोन्ही हातांत घेऊन तोलून बघते, कानाशी हलवते. मीही तिला हलवू देते.

आणि वीटभट्टीवर जाणारी घरं. दिवाळी झाली की कातकरी वाडीतली कुटुंबं भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. एका बाईनं मुलीसाठी दप्तर आणि पाण्याची बाटली मागवली होती, पैसे आधीच भरून. पार्सल यायच्या दोन दिवस आधी मुकादमाचा ट्रक आला आणि घर हललं. कंपनीच्या नियमानं ठरल्या दिवसांत न नेलेलं पार्सल परत जायला हवं. परत गेलं असतं तर पैसे कुणाच्या खात्यात आले असते कोण जाणे, खातं तिच्या भावाच्या ओळखीतल्या कुणाचं तरी होतं. मी ते माझ्या सहीनं घेतलं आणि माळ्यावर प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलं. मेअखेर ती आली तेव्हा तिला त्याची आठवणही नव्हती. वहीतला नंबर काढून मी माळ्यावरून दप्तर खाली घेतलं. मुलगी तिच्या मागं उभी होती, विटांच्या धुळीनं केस तांबूस झालेले. तिनं दप्तर तिथंच पाठीला लावलं आणि शाळा उघडायला पंधरा दिवस असताना ते लावूनच घरी गेली.

आमच्या फाट्यावरचं कंपनीचं केंद्र मागच्या वर्षी बंद झालं. रस्ते थोडे सुधारले, पोरांच्या मोबाईलमध्ये नकाशे आले, बऱ्याच पाड्यांवर आता थेट पार्सल जातं. कंपनीचा फलक उतरवून नेला. मला वाटलं, फळी रिकामी होईल आणि पुन्हा वह्या लावता येतील. तशी झाली नाही. ज्या घरांत दिवसा कुणी नसतं, ज्यांना घरात उघडायचं नसतं, ज्यांच्या ओढ्याला पाणी येतं, ती घरं अजून माझंच नाव टाकतात.

काल दुपारी एक पार्सल आलं. नाव माझ्या ओळखीचं नव्हतं, आडनाव होतं. गावाचं नाव बरोबर, पिनकोड बरोबर, शेवटी तीच ओळ. डोकं खाजवलं तेव्हा आठवलं की त्या घरात उन्हाळ्यात लग्न झालं, मुलगी नाशिककडची. ती अजून दुकानात आलेली नाही, मी तिला पाहिलेलं नाही. गावातल्या कुणीतरी बाईनंच तिला हा पत्ता दिला असणार. मी वर नंबर घातला, वहीत नाव लिहिलं, बाहेरच्या लेबलवर कागद चिकटवला. चार वाजता तिची सासू तेलाची पिशवी न्यायला आली. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, पिशवी दिली, सुटे पैसे दिले, ती गेली. पाच वाजता शाळेची मुलं आली तेव्हा त्यांच्या आळीतल्या मुलीला जवळ बोलावून सांगितलं, “नव्या काकूंना म्हणावं, सवड झाली की दुकानात येऊन जा.”